सिझेरियन आणि अँटिबायोटिकमुळे दूध ‘बिघडतं’ का?

सिझेरियन झालं, वर अँटिबायोटिकचा कोर्स, म्हणजे आईच्या दुधातले चांगले जिवाणू गेलेच असणार; मग दूध तपासून घ्यावं का, प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंच्या गोळ्या-पावडरी) सुरू करावं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी तपासणीचं. नका करू. स्तनदाह औषधांनी हटत नसेल, तर डॉक्टर दुधाचं कल्चर, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून ओळखायची तपासणी, सांगतात. एरवी धडधाकट बाईच्या दुधातही स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस हे जिवाणू निघतातच. रिपोर्टात ती नावं वाचून उगाच झोप उडायची.

सिझेरियनबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. 2012 च्या एका छोट्या अभ्यासात ठरवून केलेल्या सिझेरियननंतरचं दूध वेगळं दिसलं, पण कळा सुरू झाल्यावर सिझेरियन करावं लागलेल्या आयांचं दूध नॉर्मल बाळंतपणासारखंच होतं. म्हणजे टाक्यांपेक्षा कळांचा, त्या वेळच्या हार्मोन्सचा संबंध असावा. आईचं वजन जास्त असेल तर जिवाणूंची विविधता कमी, असंही त्यात आढळलं. अँटिबायोटिकने लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम हे चांगले जिवाणू कमी होतात, हे खरं. पण म्हणून गरजेचं औषध अर्ध्यावर सोडू नका. आणि चिकातले जिवाणू महिनाभरानंतरच्या दुधात तसेच राहत नाहीत. हे सगळं हलतं असतं.

खरी गंमत बाळाच्या तोंडाची आहे. पान्हा फुटतो तेव्हा थोडं दूध नळ्यांमधून मागेही सरकतं, हे अल्ट्रासाउंडवर दिसलंय. त्याबरोबर बाळाची लाळ आत जात असणार. कॅनडातल्या 393 आयांच्या 2019 च्या अभ्यासातही सगळ्यात ठळक फरक दिसला तो याचाच: बाळ अंगावर पितं की पंपाने काढलेलं. पंपाच्या दुधात बायफिडोबॅक्टेरियम कमी आणि बाहेरचे जिवाणू जास्त होते.

माझ्या धाकट्याच्या वेळी मी बाटल्या उकळून उकळून दमले. एक दिवस पंपाची रबरी झडप उचकटून पाहिली, तर तिच्या घडीत दुधाचा पिवळा, आंबूस थर! तेव्हापासून प्रत्येक वापरानंतर सगळे भाग सुटे करून धुवायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे, हा नेम.

प्रोबायोटिकची मला घाई वाटत नाही. घ्यायचंच तर डॉक्टरांना विचारून. जमेल तितकं अंगावर पाजा. ऑफिसमुळे पंपच वापरावा लागत असेल तरी दूध बंद करू नका, झडप तेवढी बघत जा.