एक्सपल्सला बॅश प्लेट लावताय?

मित्रा, हीरोची नवी एक्सपल्स बाइक घेतलीस, अभिनंदन! बॅश प्लेट म्हणजे इंजिनला दगडांपासून वाचवणारा खालचा पत्रा. कंपनीची प्लेट साध्या कच्च्या रस्त्याला पुरते. पण सह्याद्रीतल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर जाणार असशील तर जाड प्लेट घेच. 220 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर) ऐकायला भरपूर वाटतो. तुझं वजन, मागचं सामान आणि दबलेलं सस्पेन्शन धरलं की त्यातला बराचसा जातो.

सध्या एवढंच बघ:

- 4 मिलिमीटर ॲल्युमिनियम पुरे. लोखंडी स्वस्त पडते, पण जड, आणि कोकणात गंजते.
- प्लेट फ्रेमला बसणारी हवी. नुसती इंजिनच्या बोल्टांवर टांगलेली असेल तर दगडाचा दणका थेट केसिंगला, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या कवचाला.
- प्लेट आणि इंजिन यांत बोटभर फट हवी, नाहीतर वाकलेली प्लेटच इंजिनला ठोकते.
- ऑइल ड्रेन बोल्टपाशी भोक आहे का? नसेल तर दर ऑइल बदलाला प्लेट उतरवत बस.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते बोल्टांत. बसवली की विसरले! निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिले होऊ न देणारा गोंद) लाव आणि पहिल्या ऑफरोड फेरीनंतर पाना फिरवून बघ. माझे दोन बोल्ट घाटातच गळाले होते. प्लेट रिकाम्या डब्यासारखी वाजायला लागली, शेवटी कुंपणाच्या तारेने बांधून घरी आणली.

पावसाळ्यात प्लेटमध्ये लाल चिखल साचतो. इंजिन गार झालं की ओला असतानाच धुऊन काढ. वाळला तर विटेसारखा होतो. आणि हो, इंजिनचा आवाज जरा मोठा वाटेल, घाबरू नकोस.