इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घेतोयस? आधी अँपचं (अँप्लिफायरचं) बघ

भाऊ, हेडफोन आधी घेऊ आणि अँपचं नंतर बघू, हे इथे चालत नाही. साध्या हेडफोन-अँपच्या जॅकमध्ये याचा प्लग जातच नाही, आणि ते बरंच आहे. आत कॉइल नसते. दोन जाळ्यांच्या मधे अगदी पातळ पडदा, त्यावर कायम बायस व्होल्टेज (पडद्याला चार्ज ठेवणारं स्थिर व्होल्टेज), आणि जाळ्यांना शेकडो व्होल्टचा सिग्नल. करंट त्यामानाने किरकोळ. म्हणून 'किती वॅट?' सोड, 'किती व्होल्ट?' विचार.

स्टॅक्स या जपानी हेडफोन कंपनीचंच धर. जुना नॉर्मल बायस २३० व्होल्ट, प्लग सहा पिनांचा; प्रो बायस ५८० व्होल्ट, पाच पिनांचा. प्रो हेडफोन जुन्या सॉकेटमध्ये बसतो, वाजतोही, पण आवाज दबका येतो. उलट, जुना सहा पिनांचा हेडफोन प्रो सॉकेटमध्ये बसत नाही. मधली पिन तोडून बसवायचं शहाणपण करू नकोस.

जपानहून वापरलेला अँप स्वस्तात मिळतो, पण मागची पट्टी वाच. १०० व्होल्टचा असेल तर जळगावात २३० व्होल्टच्या लाइनला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागणारच. मी तर म्हणेन, पहिला अँप साधा सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवाला घे. तापणाऱ्या काचेच्या ट्यूबवाल्या अँपच्या आवाजाचा गोडवा मान्य, पण मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना खोलीत आणखी एक शेगडी कशाला? घरात दमदार स्पीकर-अँप असेल तर त्याच्या टर्मिनलला जोडायचा ट्रान्सफॉर्मरवाला एनर्जायझरही चालतो.

अँप उघडून बघायची हौस मात्र आवर. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.