सुटकेचा रकाना काढू नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच लागली नाही. इंदूरमध्ये कच्च्या कैद्यांच्या जामिनाचं काम, पैसा परदेशी संस्थेचा, याच कार्यक्रमाचे भाऊबंद नेपाळ आणि बांगलादेशात, तिमाही अहवाल पुढच्या आठवड्यात. आणि जामीन झालेल्यांपैकी किती माणसं खरोखर तुरुंगाबाहेर आली याची यादी एक कार्यालय देत नाही. वरिष्ठ म्हणतात, तो रकानाच काढून टाका, ‘जामीन मंजूर’ एवढा आकडा पुरे. २०१५ साली हे सगळं असंच्या असं माझ्या टेबलावर आलं होतं, आणि मी तो रकाना काढला होता. म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

मोफत वकील कोणाला मिळतो, अर्ज कुठे द्यायचा वगैरे सोडून देते. चार वर्षं जिल्हा न्यायालयात वकील म्हणून उभ्या राहिलेल्या बाईला ते सांगायची गरज नाही.

आधी एका शब्दाबद्दल. आपल्या घरच्या मराठीत ‘जामीन’ म्हणजे न्यायालयाचा आदेशही आणि जामीन राहणारा माणूसही. इथल्या कोर्टातल्या हिंदीत दोन शब्द आहेत, जमानत आणि जमानतदार. आमच्या इंग्रजी तक्त्यात त्यातला पहिलाच होता. मी घरी ‘या महिन्यात इतक्यांना जामीन मिळाला’ म्हटलं की सासूबाई विचारायच्या, “म्हणजे कागद मिळाला का माणूस मिळाला?” मला वाटायचं, त्यांना आमचं काम समजत नाही. त्यांना ते माझ्यापेक्षा नीट समजलं होतं.

आमच्याकडे अलीराजपूरकडचा एक मजूर होता. इंदुरात बांधकामावर यायचा. मोटारीची तांब्याची तार चोरल्याचा आरोप, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७९, जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. आमच्या वकिलानं तीन आठवड्यांत जामीन मंजूर करून घेतला, मी स्वतः त्याचं कौतुक केलं, फाइल संपलेल्या प्रकरणांच्या कपाटात गेली आणि माणूस आमच्या आकड्यात जाऊन बसला. अट होती वीस हजारांच्या स्थानिक जामीनदाराची. त्याचा भाऊ गावाहून ऋणपुस्तिका, म्हणजे जमिनीच्या हक्काची आणि कर्जाची वही, घेऊन आला. आपल्याकडे खेड्यात तिला पावती म्हणतात, तीच. ती चालली नाही, कारण जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली, शिवाय वडिलांच्या नावावर आणि वाटणी न झालेली. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे लोक असतात हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी सांगितलेली रक्कम त्याच्या ऐपतीबाहेरची होती. भाऊ परत गेला. मोसम निघून गेला असता तर घरात दाणा आला नसता.

आठ महिन्यांनी एका मंगळवारी तोच भाऊ आमच्या कार्यालयात आला. पावती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. “आता इंदूरची माणसं ओळखीची झालीत, एक जण जामीन राहायला तयार आहे, कुठे जमा करू?” मी फाइल शोधली, संपलेल्या प्रकरणांच्या कपाटात सापडली. वकिलाला फोन केला, त्यानं चौकशी केली, आणि कळलं की त्या मजुरानं आदल्याच आठवड्यात गुन्हा कबूल केला होता. ‘भोगलेली तेवढीच शिक्षा’ असा हुकूम झाला आणि तो घरी निघाला होता. भाऊ बसनं इकडे येत असताना तो तिकडे जात होता. चोरी त्यानं केली होती की नाही, मला आजही माहीत नाही. त्याला बाहेर यायचं होतं, आणि बाहेर यायचा तेवढा एकच दरवाजा आम्ही त्याच्यासाठी उघडा ठेवला होता.

याची किंमत तिथंच संपली नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कामकाजाची नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडायचं. इतरांसाठी निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यात येत नाहीत. ‘पहिल्यांदाच’ म्हणजे पूर्वी कधी दोषी न ठरलेला. उद्या त्या मजुराला कुणी संशयावरून पुन्हा पकडलं, तर एक तृतीयांशाची सवलत त्याला नाही. ती आमच्या एका रिकाम्या रकान्यानं घालवली. आणि त्याच कलमात आणखी एक काटा आहे, एकाहून अधिक प्रकरणं चालू असलेल्यांना ही सुटका मिळत नाही. चिल्लर चोऱ्यांत एकाच माणसावर तीन-तीन प्रकरणं लावलेली असतात, तेव्हा ज्याला गरज सर्वांत जास्त तोच या सवलतीला मुकतो. हे माझं मत आहे, तुमच्या अहवालात घालाल तर स्वतः तपासून घाला.

मला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, तर हे आपल्याच राज्यात आधी घडून, देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं होतं. मोतीराम खटला, १९७८. मध्य प्रदेशातला एक गरीब गवंडी, मॅजिस्ट्रेटनं मागितला दहा हजारांचा जामीनदार, आणि भावाला नाकारलं कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. सदतीस वर्षांनी तसाच भाऊ, तशीच दुसऱ्या जिल्ह्यातली जमीन, आणि आमच्या कार्यालयात निकालाची प्रत भिंतीलगतच्या कपाटात. मी प्रशिक्षणात तो निकाल शिकवत होते!

आता त्या कार्यालयाबद्दल. नाव लिहीत नाही, तुम्हीही जाहीर लिहू नका, पुढे काम त्यांच्याशीच आहे. आम्ही दर महिन्याला पत्र द्यायचो: या या लोकांचा जामीन मंजूर झाला आहे, यांतले कोण अजून आत आहेत ते कळवा. पहिल्यांदा उत्तर मिळालं, वरून आदेश आणा. वर गेलो, तर म्हणाले, खालून प्रस्ताव येऊ द्या. प्रस्ताव गेला, तो ‘स्पष्ट नाही’ म्हणून परत आला. पाच महिने गेले. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, तर उत्तरात एकूण कैद्यांची संख्या आली, जी आम्ही विचारलीच नव्हती. शेवटी तिथले एक गृहस्थ मला चांगल्या मनानं म्हणाले, “मॅडम, आदेश झाला म्हणजे सुटका झालीच समजा, कशाला जीव काढता.” आणि मी थकले होते, अहवाल चार दिवसांवर होता, मी समजले. त्या कार्यालयावर माझा राग आहेच. पण सही माझी होती.

तुमची परिस्थिती माझ्यापेक्षा एका बाबतीत चांगली आहे. ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा जामीन धोरणाविषयीचा आदेश छापून पिशवीत ठेवा. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाच्या (मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचं आहे. सचिव विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगाला भेट देणारा वकील पाठवू शकतात, कैद्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मागवू शकतात. महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही, तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराची अट उशीर करते, ती घालू नये, असंही त्यात सुचवलं आहे. म्हणजे तुम्ही जी यादी मागताय ती कुणाची मेहेरबानी नाही, ती तयार व्हायलाच हवी अशी व्यवस्था आहे. पत्रात ‘माहिती द्यावी ही विनंती’ लिहू नका. ‘आदेशानुसार सात दिवसांनंतरही आत असलेल्यांची कळवलेली नावं’ असं लिहा, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय दारातून हलू नका.

तरीही यादी आली नाही तर? मग आम्ही उशिरा का होईना जे केलं ते करा. मुलाकातीच्या वेळेला फाटकाबाहेर बसा. नातेवाईक बाहेर आले की एवढंच विचारा: वकिलानं काय सांगितलंय? ‘जमानत हो गई, पर छूटा नहीं’ म्हणणारे पहिल्याच दिवशी भेटतील. झाबुआ, बडवानी, धारकडची माणसं असतील तर भिली किंवा भिलाली बोलणारं कुणी बरोबर असू द्या. आमच्या गटात मराठी सगळ्यांना यायची, आणि त्या भाषा फक्त ड्रायव्हरला.

नावांवरून याद्या जुळवायला जाऊ नका. एकाच माणसाचं भेरू, भैरू, भेरूलाल असं तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेलं असतं, ‘पिता’ पुढचं नावही बदलतं. प्रत्येक प्रकरणाला कोर्टाकडून मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक धरा, त्यावर सगळं जुळवा.

पैशाअभावी अडकलेल्यांसाठी २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांना मदत करणारी योजना आहे, कच्च्या कैद्याला जामिनासाठी, सुरुवातीच्या नियमांत चाळीस हजारांपर्यंत. पण ज्याला पैसा नव्हे तर ओळखीचा माणूस हवा आहे, त्याचा प्रश्न तिनं सुटत नाही. आमच्याकडचे बरेचसे त्यातलेच होते.

तुम्ही कार्यक्रमाच्या काठमांडूच्या बैठकीत फिलिपिन्सच्या धर्तीवर प्रस्ताव मांडायचा विचार लिहिलाय. तिथला २०१२ चा कायदा मला आवडतो, जामीन परवडत नसलेल्याला वस्तीतल्या जबाबदार माणसाच्या हवाली करून सोडता येतं. मांडा, पण परदेशचा नमुना म्हणून मांडू नका. १९७९ च्या हुसैनारा खातून निकालात न्या. भगवती यांनी हेच लिहून ठेवलंय: किती वर्षं एका जागी राहतो, काम काय करतो, घरची माणसं कोण, आणि त्याच्याबद्दल खात्री देणारी वस्तीतली मंडळी कोण, हे पाहून स्वतःच्या बंधपत्रावर सोडावं. आमच्या प्रकल्पात बाहेरून सल्लागार यायचे, पाच दिवस राहायचे, आणि आशियाभरच्या उदाहरणांचा अहवाल देऊन जायचे. श्रीलंकेची १९८८ च्या कायद्यातली मध्यस्थी मंडळं, बांगलादेशची ग्राम न्यायालयं, सगळं त्यात असायचं. वाचायला चांगलं होतं. पण मजूर वर्षातले आठ-नऊ महिने गावाबाहेर असतो, त्याच्याबद्दल गावचा तडवी (भिल्ल गावाचा प्रमुख) सांगू शकतो की इंदूरचा मुकादम, हा प्रश्न त्यांतल्या एकानंही विचारला नाही. तुम्ही विचारा. नेपाळ-बांगलादेशच्या सहकाऱ्यांकडे स्थलांतरित मजूर आहेतच, त्यांच्याकडून याचं उत्तर शिकण्यासारखं असेल.

आता तीन इतर गोष्टी, तुम्ही विचारल्या नाहीत तरी.

पूर्ण वेळ पगारी नोकरी घेतली असेल तर वकिलीची सनद तशीच चालू ठेवता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. जबलपूरला राज्य बार कौन्सिलला कळवून स्थगित करून घ्या, परत येताना पुन्हा चालू करता येते. माझ्या एका सहकाऱ्यानं कळवलं नाही आणि नंतर त्याला फार मनस्ताप झाला. घरचे ‘वकिली सोडून हे काय’ म्हणत असतील तर सनद कायमची जात नाही, एवढं त्यांना सांगा.

दुसरं, तुमचा पगार दिल्लीच्या संस्थेकडून इंदूरच्या संस्थेकडे आणि तिथून तुमच्याकडे, असा येतो का ते पाहा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. मी हिशेबतज्ज्ञ नाही, एखाद्या सीएला कागद दाखवा. पण विचारायला लाजू नका.

आणि विधिसेवा प्राधिकरणाच्या पूर्णवेळ बचाव वकिलांशी, २०२२ पासून जी नवी व्यवस्था आली त्यांच्याशी, स्पर्धा करू नका. अर्ज त्यांना करू द्या. आदेशानंतरचा माणूस तुम्ही धरा, तिकडे अजूनही कमी हात आहेत.

वरिष्ठांना काय सांगायचं? आज मी तुमच्या जागी असते तर रकाना ठेवला असता आणि त्यात ‘माहिती मिळाली नाही, पत्रं अमुक तारखांना दिली’ असं लिहिलं असतं. पैसे देणारी मंडळी रागावतील ही भीती मलाही होती. नंतर मी त्यांना सगळं खरं कळवलं, तेव्हा त्यांनी पुढच्या वर्षी जामीनदार शोधायला एक माणूस जास्तीचा दिला. प्रत्येक ठिकाणी असं होईल याची हमी मी देत नाही.

नंतर बनवलेला तक्ता माझ्याकडे आहे: आदेशाची तारीख, जामीनदाराची अट, अट पूर्ण झाल्याची तारीख, सुटकेची तारीख, आणि ‘कुणी डोळ्यांनी पाहिलं’ असा शेवटचा रकाना. निरोप पाठवा, नावं काढून उद्या संध्याकाळपर्यंत पाठवते.