थायलेरियाचा परजीवी गायीची पेशी ताब्यात कशी घेतो?

तुम्ही विचारलंय, प्रथिनावर एखादा फॉस्फेट लागला काय नि निघाला काय, परजीवीला त्याचं एवढं काय? मलेरियाचं प्रकरण वेगळं आणि मोठं आहे. मी थायलेरियापुरतं सांगतो, कारण मराठवाड्यातल्या संकरित गाई उन्हाळ्यात त्यानेच मरतात.

गोचिडातून आलेला थायलेरिया ॲन्युलाटा पांढऱ्या पेशीत शिरतो आणि पेशी बेसुमार वाढू लागते. गायीच्या जनुकांत तो काही घुसवत नाही. पेशीचीच आयकेके किनेज, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट लावणारी एन्झाइमं, तो आपल्या अंगावर गोळा करतो. ती आयकॅपा-बी या प्रथिनावर फॉस्फेट लावतात, ते मोडतं, त्याने अडकवून ठेवलेलं एनएफ-कॅपा-बी (पेशीला जगवणारी जनुकं चालू करणारं प्रथिन) मोकळं होतं आणि पेशी मरायचं विसरते. शिवाय तो स्वतःचं पिन-१ एन्झाइम पेशीत सोडतो. पिन-१ने धरलेलं पेशीचं एफबीडब्ल्यू-७ हे प्रथिन युबिक्विटिन (‘हे मोडा’ अशी खूण) लागून नष्ट होतं. मग पेशीला वाढायला लावणाऱ्या सी-जून या प्रथिनाला मोडणारं कोणी उरत नाही.

हा ताबा परजीवी जिवंत असेपर्यंतच टिकतो. बुपार्व्हाक्वोन या थायलेरियावरच्या औषधाने तो मेला की पेशीची वाढ थांबते.

म्हणून ‘आधी तीन दिवस टेट्रासायक्लिन देऊन बघू’ म्हणत नेहमीच्या प्रतिजैविकावर वेळ काढणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. हे तीन दिवस परजीवीला फुकट मिळतात. उदगीरकडची एक जर्सी संकरित गाय अशीच आली होती: ताप १०६, खांद्यापुढची गाठ (लसिकाग्रंथी) लिंबाएवढी. रक्ताच्या स्लाइडवर फारसं काही नव्हतं, पण गाठीत सुई घालून काढलेला द्राव गिम्सा रंगाने रंगवला तर कॉख बॉडीज, म्हणजे पांढऱ्या पेशींतले परजीवीचे पुंजके, खच्चून भरलेल्या. गाय वाचली, दूध मात्र त्या वेतात परत आलं नाही. गाठ सुजली असेल तर निव्वळ रक्त तपासून ‘निगेटिव्ह’ लिहू नका.

बुपार्व्हाक्वोनचा डोस वजनाच्या किलोला अडीच मिलिग्राम. मिलीला ५० मिलिग्राम असलेल्या नेहमीच्या औषधाचे ४०० किलोच्या गायीला २० मिली होतात. मानेच्या स्नायूत खोल, एका जागी १० मिलीच्या वर नाही. गरज पडली तर ४८ ते ७२ तासांनी पुन्हा. महाग म्हणून डोस तोडणं मला अजिबात मान्य नाही; औषधाला दाद न देणाऱ्या परजीवीत त्याच्या सायटोक्रोम-बी या प्रथिनात आणि पिन-१मध्येही बदल सापडलेले आहेत.

टेट्रासायक्लिन वाईट नाही. सोबत ॲनाप्लाझ्मा हा गोचिडातूनच येणारा जिवाणू असेल तर ते लागतंच. देवणी, लाल कंधारी गाई या तापात सहसा तग धरतात, पण त्यांचीही गाठ चाचपा. आणि हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या असतील तर परजीवी मारूनही गाय जाते. तिथे आधी रक्त चढवायची सोय बघा.