जुनी जीटी आणि बेताचा खिसा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. गाडी पळणारी हवी, गॅरेजात मुक्काम करणारी नको आणि पैसे मोजके. निवडक प्रश्न घेतले आहेत. एकसारखी पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : पिंपरीहून रोज हिंजवडीला जातो. ८ लाखांपर्यंत ताकद आहे. फोक्सवॅगनची २०१५ ची पोलो जीटी टीएसआय पाहिली. ६४,००० किलोमीटर झालेत, साडेपाच लाख सांगतात. एजंट म्हणतो, गिअरबॉक्स एकदम मक्खन आहे. घेऊ का? घ्यायचीच तर काय तपासू? (पिंपरी)

उत्तर : मक्खनाची परीक्षा तापल्यावर होते, या गिअरबॉक्सचीही तशीच.

आधी दुखणे समजून घ्या. चाकणच्या कारखान्यातली ही गाडी. १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन (यालाच टीएसआय म्हणतात), १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर. इंजिन गोड आहे. डोकेदुखी सात गिअरच्या डीएसजीची, म्हणजे या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. त्यात दोन क्लच असतात आणि ते कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. गाडी मुंगीच्या पावलाने सरकते तेव्हा हा क्लच अर्धवट घासत राहतो, मॅन्युअल गाडीत हाफ क्लचवर राहावे तसा, आणि तापतो. हिंजवडीची संध्याकाळ म्हणजे नेमके तेच. दुसरा भाग मेकॅट्रॉनिकचा. गिअर टाकणारा संगणक, पंप आणि तेलाचा दाब साठवणारी छोटी टाकी एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या घरात बसवलेली असते. दाबाच्या टाकीजवळ या घराला चीर गेली की तेल गळते, दाब पडतो, मीटरवरचे गिअरचे अक्षर लुकलुकू लागते आणि गाडी जागेवर उभी राहते. हे काम निघाले तर बिल लाखाच्या वर जाते हे धरूनच चाला.

आता तपासणी. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम लागले तर चहा पिऊन दुसऱ्या दिवशी या. थंड असेल तर चावी फक्त ऑन करा, स्टार्टर मारू नका. इंजिनचा पिवळा दिवा आणि ईपीसी (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक्सचा इशारा) ही अक्षरे दोन्ही पेटली पाहिजेत. पेटलीच नाहीत तर दोष लपवायला कुणीतरी दिव्यांशी छेडछाड केली आहे. मग सुरू करा आणि कान इंजिनाच्या टायमिंग चेनच्या बाजूला द्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांत डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला तर चेन किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर सैल आहे. विकणारा म्हणेल, टीएसआयला एवढा आवाज असतोच. नसतो.

सपाट रस्त्यावर डी टाका, ब्रेक सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. गाडी सरळ, एकसंध निघाली पाहिजे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना अंगात थरथर जाणवली तर क्लच संपत आले आहेत. असे थांबत-सरकत किमान वीस मिनिटे चालवा, कारण दोष गरम झाल्यावरच वर येतो. शेवटी चढावर रिव्हर्स. तिथे धक्के बसले तर तो सौदा सोडा.

गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरशिवाय ही गाडी घेऊ नका. फोक्सवॅगनच्या गाड्यांवर काम करणारा स्वतंत्र मेकॅनिक इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचे संगणक वाचून देईल. पी१७बीएफ किंवा पी१८९सी हे कोड दिसले तर दाबाची तक्रार सुरू झाली आहे. कोड एकही नाही, पण नुकतेच पुसलेले दिसतात, तर तेही लक्षणच. इंजिन थंड ठेवणारे कूलंट गुलाबी असावे. टाकीत हिरवे किंवा साधे पाणी असेल तर गाडी कुठे आणि कशी सांभाळली गेली ते कळते. सर्व्हिसची बिले दर १५,००० किलोमीटर किंवा वर्षाला एक अशी हवीत. चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढा. मीटर मागे फिरवले असेल तर तिथे पकडले जाते.

रंगाची जाडी मोजणारा गेज मिळाला तर लावून बघा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर ४०० दाखवले तर आत लांबी (पुट्टी) भरली आहे. दार ठोकले असेल तर चालेल, पण खांब, छत किंवा डिकीच्या तळात वेल्डिंग दिसले की पुढे बोलू नका.

आता आमचे मत. तुमच्या वाटेवर कोरड्या क्लचची डीएसजी नको. सगळ्या परीक्षांत गाडी उतरली तरी वर सव्वा ते दीड लाख बाजूला ठेवावे लागतील. त्यापेक्षा थोडे थांबा आणि २०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय पोलो शोधा. ११० पीएस, तोच १७५ चा टॉर्क, मॅन्युअल किंवा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक), म्हणजे डीएसजीच्या त्या कोरड्या क्लचचा प्रश्नच नाही. जुनीत खूपच चांगला नमुना मिळाला आणि सुट्टीत महाबळेश्वरला न्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : त्याच पैशांत मारुतीची बलेनो आरएस कशी? (बारामती)

उत्तर : रस्त्यावर कमी दिसते, कारण फार विकली गेली नाही. पण जुन्या बाजारात हा शहाणा सौदा आहे. १.० लिटर बूस्टरजेट टर्बो इंजिन, १०२ पीएस, पाच गिअरचा मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क. बलेनोचे बहुतेक सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. एक गोष्ट मात्र आवर्जून विचारा. मारुतीने एप्रिल २०२३ मध्ये ७,२१३ बलेनो आरएस परत बोलावल्या होत्या. २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ दरम्यान बनलेल्या गाड्यांत ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असू शकत होता. तो पंप बदलला का, हे चेसिस नंबरवरून मारुतीच्या वर्कशॉपमध्ये पाच मिनिटांत कळते. पंप बिघडला तर ब्रेक पेडल दगडासारखे कडक लागते. बदलला नसेल तर आधी बदलून घ्या, मग पैसे द्या.

प्रश्न : २०१६ ची अबार्थ पुंटो मिळते आहे. मन तिच्यावर बसले आहे, पण फियाट तर गेली. पार्ट मिळतील का? (कोल्हापूर)

उत्तर : मिळतात, पण थांबावे लागते. रांजणगावला बनलेली ही गाडी १.४ टी-जेट इंजिनातून १४५ बीएचपी आणि २१२ न्यूटन मीटर देते. आजही या पैशांत एवढी ताकद दुसरीकडे नाही. इंजिनाचे भाग फियाटच्याच समूहातल्या जीपच्या डीलरकडे मागवता येतात. बंपर, दिवे, आतले प्लास्टिक यांना मात्र महिना-दीड महिना जाऊ शकतो. घरात दुसरी गाडी नसेल तर हा हट्ट करू नका.

पहिल्याच दिवशी टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. आधीचे बिल हातात असेल तरच हे टाळा. बेल्टचे आयुष्य किलोमीटरइतकेच वर्षांतही मोजायचे असते. नऊ-दहा वर्षांची गाडी ३०,००० चालली असली तरी रबर म्हातारे झालेले असते, आणि बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन उघडावे लागते. थंड सुरू करताना टिक-टिक आवाज येऊन गरम झाल्यावर बंद होत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चीर किंवा गॅस्केट गेल्याचा संशय घ्या. रॅम्पवर चढवून सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे रबरी बुश पहा. सस्पेन्शन कडक आहे आणि आपले रस्ते सांगायला नकोत. अबार्थचे चिन्ह असलेल्या विंचवाचे स्टिकर बाजारात मिळतात आणि साधी पुंटोही अबार्थ म्हणून खपवता येते, तेव्हा आरसीवरचे मॉडेलचे नाव आणि शोरूमचे मूळ बिल मागा.

प्रश्न : दिल्ली पासिंगची २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस मुंबईतल्यापेक्षा बरीच स्वस्त दिसते. आणावी का? (ठाणे)

उत्तर : गाडी म्हणून उत्तम. २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, आणि हिचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा आहे, म्हणून पोलोपेक्षा कितीतरी टिकाऊ. अट एकच : दर ६०,००० किलोमीटरला गिअरबॉक्सचे साधारण पाच लिटर तेल आणि फिल्टर बदललेले असावे. बिल नसेल तर बदललेले नाही असे समजा. इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचे घर प्लास्टिकचे आहे. ते गळते आणि खाली गुलाबी सुकलेले डाग पडतात. टॉर्च घेऊन बघा.

स्वस्ताईचे एक कारण असे की दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, आणि त्या भीतीने तिथले भाव दबलेले असतात. पण हिशेब दिल्लीच्या भावावर करू नका. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आली पाहिजे. कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ देऊन हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवलेले हवे. इथे फॉर्म २९ आणि ३० नाव बदलायला, फॉर्म २७ एमएच क्रमांकासाठी. वर महाराष्ट्राचा एकरकमी कर, गाडीच्या वयाप्रमाणे कमी झालेला, पण व्हीआरएसच्या मूळ किमतीवर तो चांगलाच बोचतो. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो लवकर हाती येईल असे गृहीत धरू नका. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावाच लागतो. "असेच चालवा, कोण बघतो" हा एजंटचा सल्ला ऐकू नका.

पैसे देण्याआधी सरकारच्या 'वाहन' या संकेतस्थळावर ब्लॅकलिस्ट, थकलेली ई-चलाने आणि विम्याची मुदत पहा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर पाटी नसेल तर आरटीओत कामे अडतात. आणि हो, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो मालकाचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवा, नाहीतर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

प्रश्न : 'स्टेज वन' रिमॅप केलेली, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवलेली जीटी टीएसआय जास्त पैसे देऊन घ्यावी का? (नाशिक)

उत्तर : जास्त कशाला, कमी द्या. त्या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटरची आहे आणि रिमॅप टॉर्कला त्या काठाजवळ नेतो. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी वाद होतो. विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात, म्हणून स्कॅनरवर सॉफ्टवेअर किती वेळा लिहिले गेले तेही बघून घ्या.

प्रश्न : विद्यार्थी आहे. अडीच-तीन लाखांत काही पळणारे मिळेल का? पुरात बुडालेली गाडी गळ्यात पडण्याची भीती वाटते. (चिपळूण)

उत्तर : मिळेल, पण टर्बोचा नाद सोडा. २००९ ते २०१३ मधली होंडा सिटी १.५ आय-व्हीटेक पहा. ११८ पीएस, चेनवर चालणारे साधे इंजिन, आणि पाच हजार आरपीएमच्या वर जो जीव येतो त्याला तोड नाही. टॅपेटचा आवाज करत असेल तर व्हॉल्व्हचे अंतर जुळवून घ्या, काम स्वस्त आहे. सीएनजी किट काढून टाकलेली गाडी नको. व्हॉल्व्ह सीट झिजलेल्या असू शकतात. १५ वर्षे होत आली असतील तर नोंदणी नूतनीकरण आणि पर्यावरण कराचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

पुराची भीती रास्त आहे. २०१९ ला कोल्हापूर-सांगली आणि २२ जुलै २०२१ ला तुमचेच गाव पाण्यात होते. त्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसली तर गाडी बुडाली होती. पुढची सीट सरकवून तिचे रूळ आणि बोल्ट पहा, तिथला गंज कुणी साफ करत नाही. स्पेअर चाकाच्या खड्ड्यात बोट फिरवा. आत फ्रेशनरचा उग्र वास असेल तर काचा चढवून एसी बंद ठेवा आणि दहा मिनिटे गाडीतच बसा. ओल्या गोणपाटाचा वास आपोआप वर येतो.