सहाव्या दिवसाचा मान्ना

"मॅडम, मेडिक्लेम काढला म्हणजे प्रभूवरचा भरवसा कमी पडला, असं होतं का?"

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न वर्षाकाठी दहा-बारा वेळा तरी माझ्यासमोर येतो. कधी मेडिक्लेमच्या जागी एलआयसी असते, कधी मुलीच्या नावाचं सुकन्या खातं, तर कधी सिन्नरकडचा एखादा प्लॉट. विचारणारे बहुतेक नाशिकच्या आपल्याच ख्रिस्ती मंडळ्यांतले, म्हणजे चर्चमधले असतात, शरणपूर, जेलरोड, नाशिकरोड, देवळालीकडचे. विचारतात देवाबद्दल, पण दहा मिनिटं बोलू दिलं की कळतं, घरात बोलणं बंद झालंय.

ज्यांच्याबद्दल लिहितेय ते जोडपं गेल्या पावसाळ्यात आलं. त्यांना विचारूनच लिहितेय. नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो बेचाळिशीचा, अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. हातात येणारा पगार ३१,०००. ती खासगी दवाखान्यात नर्स, १६,०००. फ्लॅटचा हप्ता ११,५००. घरात त्याची आई आणि नुकतीच दहावी झालेली मुलगी. बायकोने बसायच्या आधीच पर्समधून सोनेतारणाची पावती काढून टेबलावर ठेवली. "आधी हे वाचा, मग आमचं ऐका." पाटल्यांवर ६०,००० उचललेले, महिन्याला साधारण ६०० रुपये व्याज.

झालं होतं असं. मुलीच्या डिप्लोमासाठी दोघांनी तीन वर्षं दरमहा २,००० ची आरडी भरली होती. मुदत पुरी झाली, व्याजासकट सुमारे ७९,००० हातात आले. त्याच आठवड्यात मंडळीत श्रद्धा जागवणाऱ्या तीन दिवसांच्या संजीवन सभा होत्या आणि हॉलच्या छपराच्या पत्र्यांसाठी अर्पण चाललं होतं. शेवटच्या रात्री हा पुढे गेला आणि ७०,००० देऊन आला. तिची नाइट ड्यूटी होती. तिला कळलं ते पॉलिटेक्निकची फी भरायच्या आदल्या दिवशी.

"'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकच्याच ना, जलालपूरच्या?" ती मला म्हणाली. "रेव्हरंड टिळकांनी घरातलं दुसऱ्यांना देऊन त्यांचं जे केलं तेच ह्यांनी माझं केलंय. फक्त मला त्यांच्यासारखं हसता येत नाही."

तो शांत होता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. "देताना मोजलं की ते दान राहत नाही मॅडम, व्यवहार होतो. बायबलमधल्या त्या गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत होती तेवढी दोन नाणी, दोन टोल्या टाकल्या, तेव्हा तिने घरी जाऊन हिशेब केला होता का?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. विधवेने टाकलं ते तिचं स्वतःचं होतं, लेकीच्या फीचं नव्हतं. मार्काच्या शुभवर्तमानात त्या गोष्टीच्या अगदी आधीच्या वचनात येशू विधवांची घरं गिळणाऱ्यांवर कडाडलेला आहे, हेही लोक सोयीने विसरतात. शिवाय सातव्या अध्यायातलं कुर्बान: आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणायचं आणि हात झटकायचे. पण वचनांची कुस्ती मी खेळत नाही. समोरच्याला माझ्याहून जास्त वचनं पाठ असतात, आणि तो जिंकला तरी घरी जाऊन हरतोच.

तरीही पहिल्या भेटीत मी चूक केलीच. बजेटचा छापील कागद दिला. गरजा, हप्ते, बचत, दान असे रकाने. पुढच्या वेळी त्याने तो सुंदर अक्षरात भरून आणला, पैशापैशाचा मेळ लागलेला. तळाला एक ओळ: "हे सगळं प्रभूचं." ती त्या ओळीकडे बघून म्हणाली, "बघा. आता बोला काय बोलायचं ते." मला बोलता आलं नाही. ज्या माणसाला हिशेब येतो पण करायचा नाही, त्याला हिशेब शिकवायला निघाले होते मी.

मग पैशाचं सोडून विचारलं, मंडळीनं तुमच्यासाठी कधी काही केलंय का?

बराच वेळ तो पंख्याकडे बघत राहिला. तेरा वर्षांचा असताना बाप गेला. घरात दमडी नव्हती. दवाखान्यातून शव आणायला टेम्पो, पेटी, कबरस्तानातली खोदाई, नंतरचं जेवण, सगळं मंडळीनं केलं. "माझ्या बापाची पेटी मंडळीनं केली मॅडम. ते फिटतं का कधी?"

न फिटणारं कर्ज असं असतं. आकडाच नसतो, म्हणून कितीही भरलं तरी कमीच. त्याच्या देण्यात प्रीती होती, अजिबात खोटी नव्हती. पण त्या प्रीतीच्या आत एक तेरा वर्षांचा मुलगा हप्ते भरत बसला होता.

प्रेम मोजत नाही असं तो म्हणाला तेव्हा मी त्याला शरणपूरचीच एक गोष्ट सांगितली. त्याच्या तीन पिढ्या इथल्या, पण त्याला ती माहीत नव्हती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनच्या आश्रमात शिकायची. अक्षर शिकायची आणि सुतारकी, लोहारकीही. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ च्या मे महिन्यात आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा हा जेकब बरोबर होता. त्या माणसांनी ठरवलं की साहेबाला त्याच्या देशी पोचवायचं. त्यांनी रडणं तर केलंच असेल, पण लागलीच त्याच्या सामानाच्या पेट्या सगळ्यांसमोर उघडल्या आणि जेकबने एकेका वस्तूची यादी लिहून काढली, पुढे कोणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून. शरीर मिठात ठेवून दोन आठवडे उन्हात वाळवलं, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात बांधलं. मग नऊ महिने, दीड हजार किलोमीटरच्या वर, चालत किनारा गाठला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा शवपेटीजवळच्या मानकऱ्यांत आपला हा नाशिकचा जेकब होता. मीठ किती लागेल ते न बघता निघाले असते, तर कुठवर पोचले असते?

त्याने ऐकून घेतलं. "ते मोठे लोक," म्हणाला. मी गोष्ट सांगून स्वतःवर खूश होते, तेवढं उतरलं.

त्याच सुमाराला बायको एकटी आली. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "माझंही एक आहे." दवाखान्यातल्या बारा जणींची भिशी, महिना २,०००. पाच वर्षं चालू. नंबर लागला की पैसे बहिणीच्या नावावर पोस्टात. ओव्हरटाइमचा पैसा घरी सांगायचाच नाही. जमले होते १,१०,०००.

मला क्षणभर कळेना. ज्या दिवशी तिने पाटल्या गहाण टाकल्या, त्या दिवशी तिच्याकडे फीच्या दीडपट रक्कम पडून होती?

"काढले असते तर ह्यांना कळलं असतं."

ती दिंडोरीकडची, द्राक्षवाल्याची मुलगी. ऑक्टोबरची छाटणी झाली की चार महिने बाप बागेतच असायचा. घड औषधात बुडवायचं डिपिंग, फवारण्या, औषधाची उधारी, सगळं काढणीच्या भरवशावर. एका वर्षी माल उतरायला आठ दिवस राहिले होते आणि गारपीट झाली. घड जमिनीवर. त्या वर्षी घर चाललं ते आईने तांदळाच्या डब्यात लपवलेल्या पैशावर. बापाला त्या डब्याचा पत्ता नव्हता, म्हणूनच तो पैसा वाचला होता. मुलगी ते शिकली. पैसा ठेवायचा तो नवऱ्यापासून लपवून. इतका नीट लपवला की गरज पडली तेव्हा तिलाही हात लावता येईना.

तेव्हा, साठवणारा तो शहाणा आणि देणारा तो भोळा, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे घर दाखवीन. नवरा तेराव्या वर्षी अडकलेला, बायको गारपिटीत. मुलीची फी मधल्यामध्ये.

तिचं गुपित मी फोडलं नाही, ते माझं काम नव्हे. तिला दोन आठवडे दिले आणि तिने ते माझ्या खोलीतच सांगितलं. तो दुखावला. "माझ्यावर विश्वास नव्हता?" तिने फक्त सोनेतारणाच्या पावतीवर बोट ठेवलं.

तो संडेस्कूलला शिकवतो. त्याला विचारलं, "दादा, रानात इस्राएल लोकांना देव आकाशातून मान्ना खायला द्यायचा, तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर काय व्हायचं?"

"किडे पडायचे. घाण यायची."

"नेहमी?"

उत्तर लगेच आलं नाही. मग हळूच म्हणाला, "शुक्रवारी नाही." सातवा दिवस विसाव्याचा, म्हणून सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा हुकूमच होता, आणि तो साठवलेला सकाळपर्यंत चांगला राहायचा. मान्ना तोच, भांडंही तेच. ठेवणारा घाबरून ठेवतो की सांगितलं म्हणून ठेवतो, एवढाच फरक. बायको म्हणाली, "म्हणजे माझ्या भांड्यात किडे पडलेत." मी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही.

मी त्याला घरी एक काम दिलं. पेटीचे पैसे मंडळीनं नेमके कुठून आणले, ते आईला विचारायचं.

पुढच्या भेटीला तो वेगळाच दिसत होता. आईला सगळं आठवत होतं. मंडळीत एक म्हातारे पंच होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भक्तीनंतर वही घेऊन दारात उभे राहायचे, घरटी दोन रुपये. मयत फंड. कोणी टाळलं तर घरी यायचे, लोक चिडायचे, मागून नावं ठेवायचे. त्या वहीतून पेटी झाली होती. "मला आयुष्यभर वाटलं, लोकांनी खिसे उलटे केले," तो म्हणाला. "कोणीतरी आधीपासून बाजूला काढून ठेवत होतं हो."

त्यानंतर मला फारसं करावं लागलं नाही. प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला तेच सांगितलं होतं: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऐपतीप्रमाणे, बाजूला काढून ठेवा. आणि दुसऱ्या पत्रात स्पष्टच म्हटलं, आहे त्यातून द्या, इतरांना हलकं व्हावं म्हणून तुम्ही ओझ्याखाली जावं असं नाही. हे त्यानेच शोधून आणलं, मी नाही.

दोघांनी मिळून दानाचा आकडा ठरवला, ३,५००, आणि तो सगळ्यात आधी बाजूला पडतो, हप्त्याच्याही आधी. हा त्याचा हट्ट होता, तिने मानला. भिशीच्या पैशातून पाटल्या सुटल्या, उरलेले दोघांच्या जॉइंट खात्यात गेले. आईचं नाव मेडिक्लेममध्ये घालायचं ठरलं, त्यासाठी वयामुळे प्रीमियम किती चढतो ते बघून त्याने कपाळावर हात मारला. आणि एक नियम: सभेत कितीही प्रेरणा झाली तरी मोठी रक्कम त्याच दिवशी बोलायची नाही. घरी यायचं, सांगायचं, पुढच्या रविवारी द्यायचं.

यावर तो अडला. "आत्मा प्रेरणा देतो तेव्हा आठ दिवस थांबायचं?"

"आठ दिवसांत विझणारी प्रेरणा असेल तर ती पंख्याखालची मेणबत्ती समजा," मी म्हटलं. ती हसली. पहिल्यांदाच.

७०,००० परत मागायचे का, हा प्रश्न आला होता. पाळकसाहेब स्वतः घरी आले, फीचे पैसे आहेत हे माहीत नव्हतं म्हणाले, हळूहळू परत करतो म्हणाले. तीच नको म्हणाली. "पत्रे लागलेत वर. ते उचकटून आणू का?"

इथे एक सांगायला हवं. कोणी अचानक, झोप उडालेली असताना, भराभर बोलत, घर-दागिने वाटायला निघाला असेल, तर ती भक्ती म्हणून कौतुक करू नका आणि माझ्याकडेही आधी आणू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, तो आजार असू शकतो. आणि उलट बाजूचे लोकही येतात. पाच पॉलिसी, दोन फ्लॅट, आणि शेजारच्या आजीला दवाखान्यात न्यायला शनिवार नाही. पण खरं म्हणजे ते माझ्याकडे येत नाहीत, त्यांच्या बायका येतात.

शेवटच्या भेटीला आईपण आली होती, जिना चढून दमलेली. तिला मी बोलावलं नव्हतं. तिला म्हणे "ती मॅडम" बघायची होती. पिशवीतून हॉर्लिक्सची बाटली काढली, आत दहा-वीसच्या नोटा, रबर लावून. "माझ्या पेटीचे आहेत," म्हणाली. "दर रविवारी टाकते. कोणाला पळापळ नको."

"आई, असलं बोलू नकोस," तो वैतागला.

"का? मोजलेत मी. गेल्या महिन्यात पेटीवाल्याला भावपण विचारून आले." आणि सुनेकडे वळून, "उरले तर पत्र्याला दे. ह्याच्या हातात देऊ नकोस."