रिसेल फ्लॅट, रिनोव्हेशन आणि उलटा हिशोब : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळेस प्रश्न भरपूर आलेत, सगळे घेता येणार नाहीत. जुना फ्लॅट घ्यायचा, नीट करायचा आणि विकायचा किंवा भाड्याने द्यायचा, या धंद्यातले पाच निवडलेत.

"सर, सिंहगड रोडला १९९४ च्या बिल्डिंगमधला टू बीएचके ६२ लाखांना मिळतोय. एजंट म्हणतो ६ लाख टाकून चकाचक केला की ७५ ला आरामात जातो. ७ लाख सुटतात ना? ४६ लाख लोन घेणार आहे." (पुणे)

सुटत नाहीत. एजंटने तुम्हाला फक्त तीन आकडे सांगितले, मधले सात-आठ खाल्ले. कागद घ्या आणि माझ्याबरोबर लिहा. खरेदी ६२ लाख. पुण्यात स्टॅम्प ड्युटी सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ३४ हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. घेताना एजंटचा एक टक्का धरला तर ६२ हजार (दोन मागितले तर आणखी). वकील, सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी), किरकोळ मिळून १५ हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजार. काम ६ लाखांचं म्हणताय, पण तीस वर्षं जुन्या घरात भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच, म्हणून वर १५ टक्के ठेवा, झाले ६ लाख ९० हजार. आता वेळ. काम अडीच-तीन महिने, मग गिऱ्हाईक शोधणं, त्याचं लोन, त्याच्या बँकेच्या तारखा, एकूण नऊ महिने सहज जातात. ४६ लाखांवर ९ टक्क्याने नऊ महिन्यांचं व्याज ३ लाख १० हजार, मेंटेनन्स महिना ३ हजार धरून २७ हजार. विकताना परत एजंटचा एक टक्का, ७५ हजार.

बेरीज ७८ लाख ६८ हजार. विकला ७५ ला. म्हणजे नऊ महिने धूळ खाऊन पदरचे पावणेचार लाख घातले, आणि यात तुमचं स्वतःचं १६ लाखाचं भांडवल अडकलं त्याचं व्याज मी धरलेलंच नाही.

म्हणून हिशोब उलटा करायचा, विकायच्या किमतीपासून मागे यायचं. ७५ मधून तुम्हाला हवा असलेला नफा (समजा ५ लाख), काम, विक्रीची दलाली आणि बाकीचे खर्च वजा करत आलात, आणि स्टॅम्प ड्युटी, दलाली, व्याज हे खरेदीच्या किमतीवर लागतं ते धरलं, की आकडा येतो साधारण ५४ लाख. त्याच्या वर जायचं नाही. मालक ५४ ला देत नसेल तर नमस्कार करून निघायचं, या धंद्यात मी जेवढे फ्लॅट घेतले त्याच्या दहापट सोडले असतील.

आणि ते ७५ सुद्धा आलं कुठून? पोर्टलवर लोक जे टाकतात ती त्यांची इच्छा असते. आयजीआर महाराष्ट्रच्या (सरकारी नोंदणी खात्याच्या) साइटवर ई-सर्चमध्ये जाऊन त्याच सोसायटीतले मागच्या वर्षा-दीड वर्षातले इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) काढा, खरंच कितीला नोंदले गेले ते दिसेल. खरेदी बायकोच्या नावावर केली तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, इथे ६२ हजार वाचतात. पूर्वी अशी सूट घेतलेलं घर १५ वर्षं पुरुषाला विकता यायचं नाही, ती अट २०२३ मध्ये काढली, त्यामुळे आता आपल्या कामात अडचण नाही.

"काका, ठाण्यात २८ वर्षं जुना वन बीएचके घेतलाय विकण्यासाठी. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो बाथरूमला टाइलवर टाइल लावू अॅडेसिव्हने, फोडाफोडी नको, ४० हजार वाचतील. खालच्यांच्या छताला थोडी ओल आहे पण ते काही बोलत नाहीयेत." (ठाणे)

अजून बोलत नाहीयेत. नवीन मालक आला की पहिल्याच आठवड्यात बोलतील आणि तो नवीन मालक तुम्हाला फोन करेल.

हे मी अनुभवाने बोलतोय. बारा-तेरा वर्षांपूर्वी डोंबिवलीत एका फ्लॅटला मी हेच केलं होतं, बाथरूम वरून एकदम हॉटेलसारखं, आत भिंतीत मात्र जुना जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप तसाच ठेवला. ताबा देऊन तीन आठवडे झाले आणि फोन आला, की कपाटाच्या मागे भिंत ओली आहे. नवी कोरी टाइल फोडली तर पाइप हातात घेतल्यावर पापडासारखा तुटला. दुरुस्ती, परत टाइल्स (तो शेड मिळेना म्हणून अख्खी भिंत), आणि त्यांच्या कपाटाचे पैसे, सगळं मी भरलं. वाचवले होते ३५ हजार, गेले लाखाच्या वर. कॉन्ट्रॅक्टर तोवर गावाला.

तेव्हा ठाण्याचं बाथरूम फोडा. पूर्ण फोडा, म्हणजे लादी काढून थांबू नका, खालचा जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा काढून स्लॅब दिसला पाहिजे. जीआय काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) टाका आणि भिंती बंद करायच्या आधी पाइपला प्रेशर देऊन रात्रभर ठेवा. नव्वद टक्के गळती नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) आणि कमोडच्या पाइपच्या भोवतालच्या फटीतून होते असा माझा अंदाज आहे, तिथे ग्राउट नीट भरलं का ते स्वतः वाकून बघा, मिस्त्री "हो हो झालं" म्हणतोच. मग वॉटरप्रूफिंग केमिकलचे दोन हात, तेही भिंतीवर फूट-दीड फूट वर चढवून. ते वाळलं की ट्रॅपला बोळा मारून पाणी भरायचं आणि पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची, निदान ४८ तास, मी तर ७२ ठेवतो. रोज सकाळी रेघ बघा आणि खालच्यांकडे जाऊन छत बघा. जाताना थोडी मिठाई न्या, उपयोग होतो. त्यानंतर कोबा, उतार, परत कोटिंग, परत पाणी, आणि मगच लादी. लादी बसली की एक गोटी सोडून बघा, ट्रॅपकडे गेली तर उतार बरोबर, दाराकडे आली तर मिस्त्रीला पैसे देऊ नका.

सोसायटीच्या उपविधींप्रमाणे तुमच्या बाथरूममधून किंवा सिंकमधून खाली गळलं तर खर्च तुमचा, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून आलं तर सोसायटीचा. त्यामुळे आधी पाणी नक्की कुठून येतंय ते ठरवा.

"मिस्त्री सरसकट १,६०० रुपये स्क्वेअर फूट सांगतोय, मटेरियलसकट. बरोबर आहे का?" (नाशिक)

बरोबर की चूक सांगताच येत नाही, कारण त्या १,६०० मध्ये काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. सरसकट रेट घेतला की कामात एकेक गोष्ट गळत जाते आणि "ते यात नव्हतं साहेब" सुरू होतं. आयटमप्रमाणे कोटेशन मागा. तोडफोड वेगळी, राडारोडा उचलणं वेगळं (चौथा मजला आणि लिफ्टमधून गोणी न्यायला सोसायटीची बंदी असेल तर हा आकडा बघून चक्कर येते), प्लंबिंग, वायरिंग पॉइंटवर, लादी स्क्वेअर फुटावर, स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावायची लादीची पट्टी) रनिंग फुटावर, म्हणजे लांबीवर, रंग, सुतारकाम.

आणि मापं तुम्ही स्वतः घ्या. रंगाचं उदाहरण देतो. कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) ६०० स्क्वेअर फूट असेल तर भिंती आणि छत मिळून रंगाचं माप साधारण १,८०० ते २,१०० येतं. कोणी २,६०० लिहून आणलं तर बहुतेक त्याने खिडक्या-दारं वजा केलेली नाहीत. लादीचंही तसंच, दोन बाय दोनची एक लादी म्हणजे ४ स्क्वेअर फूट, चार लाद्यांचा बॉक्स १६ चा, त्यावर पाच-दहा टक्के तुटफूट धरा आणि दोन बॉक्स त्याच बॅचचे जास्त घेऊन माळ्यावर ठेवा, नंतर तो शेड मिळत नाही. पैसे कामाच्या टप्प्याने द्या, शेवटचे १० टक्के किरकोळ यादी संपेपर्यंत हातात. उचल म्हणून अर्धे पैसे आधी दिलेत तर मिस्त्री दुसऱ्या साइटवर दिसेल.

"मी दुबईत असतो, डोंबिवलीचा टू बीएचके भाड्याने द्यायचाय. मॉड्युलर किचनचं साडेतीन लाखांचं कोटेशन आलंय. भाडं १८ हजारांचं २० होईल म्हणतात. करू का?"

साडेतीन लाखाला महिना २ हजाराने भागा. १७५ महिने, साडेचौदा वर्षं. तोवर त्या ट्रॉल्या दोनदा गंजतील आणि भाडेकरूने कुकरच्या वाफेने वरचं कपाट फुगवलेलं असेल. नका करू. जुना कडप्पा असेल तर काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, मोठं सिंक, स्टीलच्या साध्या तीन-चार ट्रॉल्या, एक्झॉस्ट फॅन, खिडक्यांना मच्छरची जाळी, चालू गीझर. लहान मुलं असलेलं कुटुंब घर बघायला येतं तेव्हा बाई नळ सोडून प्रेशर बघते आणि फ्रिजला, मिक्सरला प्लग कुठे आहे ते बघते, शटरचा रंग नंतर. त्यामुळे वायरिंग आणि एमसीबीवर (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) खर्च करा.

टॅक्सचं म्हणाल तर भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही एक रुपया खर्च केला किंवा पाच लाख, तेवढीच. आणि तुम्ही एनआरआय असल्यामुळे भाडेकरूने टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स) कापायचा असतो, हे करार करतानाच त्याला सांगा, नंतर भांडणं होतात.

"कॉन्ट्रॅक्टर म्हणतो बिल नको, १८ टक्के जीएसटी वाचेल. घेऊ का?" (पिंपरी)

नको. विकताना घरातल्या सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा करायचा तर पुरावा लागतो, तोंडी हिशोब चालत नाही. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर टॅक्स तुमच्या स्लॅबने लागतो, तिथे बिल नसल्याचा फटका जोरात बसतो, नंतर विकलं तर १२.५ टक्के. अर्थात सगळंच सुधारणा म्हणून धरत नाहीत, नुसता रंग किंवा सुटं फर्निचर त्यात बसवणं अवघड, नवीन बाथरूम, लादी, वायरिंग बसतं. आणि वर्षाला चार-चार फ्लॅट फिरवणार असाल तर इन्कम टॅक्स खातं त्याला धंदा म्हणू शकतं, मग हा हिशोबच वेगळा, सीएला आधी भेटा.

मी काय करतो सांगतो. लाद्या, पाइप, वायर, नळ, प्लाय हे मी स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर घेतो आणि मिस्त्रीला फक्त लेबर देतो. वर्षाला २० लाखांच्या आत काम करणाऱ्या छोट्या मिस्त्रीला जीएसटी नंबर घ्यावाच लागत नाही, त्यामुळे त्याची साधी सही केलेली पावती आणि बँकेतून पैसे, बास. सगळं एका फाइलमध्ये, आणि थर्मल पेपरच्या पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढा, सहा महिन्यांत कोऱ्या होतात.

जाता जाता, मुलुंडहून एकांनी विचारलंय की १९७८ ची बिल्डिंग आहे, रिडेव्हलपमेंटची "नुसती चर्चा" आहे, तर आठ लाखांचं काम करून ठेवू का. सोसायटीच्या शेवटच्या दोन वार्षिक सभांचं इतिवृत्त आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागून घ्या, तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. त्यात डेव्हलपरचं नाव किंवा टेंडरचा विषय दिसला तर रंग मारा, नळ बदला आणि थांबा. बिल्डर तुमच्या इटालियन मार्बलवरही तोच बुलडोझर चालवणार आहे.